मज्जारज्जू आणि वीज : एका आशेचा इतिहास

वैद्यकात काही व्याधींचा इतिहास म्हणजे त्यांवरील औषधाचाच इतिहास असतो. देवीच्या रोगाची कथा लसीपाशी वळण घेते आणि १९८० साली त्या रोगाच्या उच्चाटनाच्या घोषणेशी संपते. मज्जारज्जूच्या आघाताची कथा अशी सरळ नाही. पाठीच्या कण्यातून जाणारा तो रज्जू एकदा चिरडला, की त्यास पूर्ववत करील असे औषध आजही कोणापाशी नाही. आणि तरीही, शंभर वर्षांपूर्वी ज्या दुखापतीने माणूस काही आठवड्यांत दगावत असे, त्याच दुखापतीनंतर तो आज कित्येक वर्षे जगतो, नोकरी करतो, संसार चालवतो. औषधावाचून एवढा पालट कसा झाला? आणि मेंदूस कवटीच्या बाहेरून चुंबकाने किंवा विजेने उद्दीपन देण्याचा जो नवा उपाय अलीकडे पुढे आला आहे, त्याचे या कथेत स्थान कोणते? या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साहित्याच्या मासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. म्हैसूरहून नंजनगूडकडे निघाले म्हणजे वाटेत कडकोळ लागते. एका अंगास नारळीच्या बागा, दुसऱ्या अंगास कारखान्यांची वसाहत, आणि मधून रात्रंदिवस वाहणारा हमरस्ता. नोकरीनिमित्त या गावी राहणाऱ्यास झाडावर सरसर चढणारा माणूस आणि मालमोटारीच्या बगलेतून निसटणारी दुचाकी, ही दोन्ही दृश्ये रोजची होत. आपल्या देशात मज्जारज्जूच्या आघाताची मुख्य कारणेही हीच दोन आहेत : उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात. म्हणजे हा रणांगणावरच्या शिपायाचाच विषय राहिलेला नाही. शिवाय बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी असा प्रसंग ओढवला, तर हाकेच्या अंतरावर भाऊबंद नसतात. घरची माणसे अपुरी, भाषा परकी, आणि जो तो एक नवा उपाय सुचवणारा. अशा वेळी काय खरे आणि काय आशेपोटी मानलेले, हे ओळखण्यास इतिहासासारखा दुसरा वाटाड्या नाही.

प्रथम रज्जूची ओळख करून घेऊ. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मेंदूची आज्ञा त्यातून खाली हातापायांकडे जाते आणि स्पर्शाची, वेदनेची वार्ता त्यातूनच वर येते. मानेपाशी आघात झाला तर चारही अवयव लुळे पडतात. पाठीपाशी झाला तर हात वाचतात, पाय जातात. परंतु हातपाय जाणे हे दिसणारे संकट होय. त्वचेची संवेदना जाते, मूत्राशयावरचा व आतड्यांवरचा ताबा जातो, ही न दिसणारी संकटे अधिक घातक असतात. पूर्वीचा रोगी पाय गेल्यामुळे मरत नसे. एकाच कुशीवर पडून झालेल्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गातून शिरलेल्या विषाराने तो मरत असे.

या दुखापतीची नोंद फार जुनी आहे. अमेरिकन संग्राहक एडविन स्मिथ याने १८६२ साली ईजिप्तमधील लक्झर येथे एक पपायरसाची गुंडाळी विकत घेतली. ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातील असून तिच्यातील मजकूर त्याहूनही जुना मानला जातो. मानेचा मणका निखळलेल्या माणसाचे तीत वर्णन आहे : हातापायांची जाणीव गेलेली, मूत्र नकळत गळणारे. आणि वैद्याचा निर्णय असा, की या व्याधीवर उपचार करू नये. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मांत कुकुंदर नावाचे मर्म कटिप्रदेशी, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस सांगितले आहे. त्यावर आघात झाल्यास शरीराच्या खालच्या भागाची स्पर्शसंवेदना व हालचाल नष्ट होते, असे तेथे म्हटले आहे. दोन दूरच्या देशांतील वैद्यांनी लक्षण अचूक हेरले होते. उपाय मात्र दोघांच्याही हाती नव्हता.

हा निर्णय पुढे हजारो वर्षे टिकला. १८०५ साली ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत नेल्सनच्या खांद्यातून शिरलेली गोळी कण्यात जाऊन रुतली. छातीखाली काही जाणवत नाही, हे त्याने स्वतःच आपल्या शस्त्रवैद्यास सांगितले, आणि दोघांनीही त्याचा अर्थ ओळखला. सुमारे तीन तासांत तो गेला. पहिल्या महायुद्धातही मज्जारज्जूवर आघात झालेले बहुतेक सैनिक थोड्याच आठवड्यांत मरण पावले. अशा रोग्यास मॉर्फिया देऊन स्वस्थ पडू देणे हाच दयाळूपणा, अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती.

ही निराशा एकीकडे चालू असताना दुसरीकडे विजेची कथा सुरू झाली होती. बोलोन्याच्या गाल्वानीने मेलेल्या बेडकाची तंगडी विजेच्या स्पर्शाने आखडते हे पाहिले, आणि १७९१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचा भाचा अल्दिनी याने १८०३ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर विजेचे प्रयोग करून दाखवले. प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळली. लोक चकित झाले. वीज म्हणजेच प्राण, असा समज पसरला. लुळ्या अवयवांना विजेचे झटके देणारी यंत्रे एकोणिसाव्या शतकात जागोजागी विकली जाऊ लागली. त्यांतून स्नायू हलत, परंतु रोगी उठत नसे. स्नायू हलणे आणि मेंदूच्या आज्ञेने स्नायू हलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद तेव्हा कोणी फारसा केला नाही. पुढल्या साऱ्या कथेचे मर्म या भेदात आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानी ठेवावा.

मेंदूचा कोणता भाग कोणत्या अवयवास आज्ञा देतो, हे विजेनेच प्रथम दाखवले. बर्लिनमध्ये १८७० साली फ्रिट्श व हिट्झिग या दोघा वैद्यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूच्या एका भागास सौम्य वीज लावली, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. इंग्लंडमध्ये फेरियरने माकडांवर प्रयोग करून हा नकाशा अधिक बारकाईने काढला. यानंतर १८७४ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका वैद्याने, व्याधीमुळे जिची कवटी झिजून मेंदू उघडा पडला होता अशा एका दासीच्या मेंदूत विजेच्या सुया घातल्या. ती थोड्याच दिवसांत वारली, आणि त्या वैद्यावर त्याच्या व्यवसायबंधूंनीच कडक टीका केली. ज्ञान वाढले खरे. परंतु मेंदूस वीज द्यावयाची तर कवटी उघडावी लागते, ही अडचण त्यापुढेही शंभर वर्षे तशीच राहिली.

या दोन कथा एका ठिकाणी एकत्र येतात. जर्मनीतील ब्रेस्लाउ शहरी (आज ते पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे) ओटफ्रिड फोर्स्टर नावाचा थोर मज्जाविशारद होता. शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या मेंदूस वीज लावून त्याने माणसाच्या मेंदूचा तपशीलवार नकाशा तयार केला. त्याच्या हाताखाली लुटविख गुटमान हा तरुण यहुदी डॉक्टर काम करीत होता. १९३३ साली नाझी राजवटीने यहुदी डॉक्टरांना सरकारी इस्पितळांतून काढले, आणि १९३९ साली गुटमान बायकामुलांसह इंग्लंडास आश्रयार्थ आला. मेंदू आणि वीज यांचे त्या काळचे अद्ययावत ज्ञान त्यापाशी होते. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथील मज्जारज्जू-विभागाची सूत्रे त्याच्याकडे आली. तेव्हा त्याने प्रथम काय केले? यंत्र मागवले नाही. प्रत्येक रोग्यास दिवसा आणि रात्री दर दोन तासांनी कुशीवरून कुशीवर वळवण्याचा नेम घालून दिला.

वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट आहे. परंतु या नेमाने शय्याव्रणे थांबली. मूत्राशयाची निगा निर्जंतुक पद्धतीने राखली जाऊ लागताच विषार थांबला. मरण टळले, तेव्हा प्रश्न पडला तो जगण्याचा. गुटमानने रोग्यांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन शिकवले. त्यांना चाकांच्या खुर्चीवर बसवून खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांनी, त्यांत स्त्रियाही होत्या, धनुर्विद्येचा सामना खेळला. आजच्या पॅरालिंपिक सामन्यांचे मूळ ते हेच. हजारो वर्षांचा तो जुना निर्णय असा फिरवला गेला, आणि तो फिरवणारी शक्ती म्हणजे परिचारिकांचे हात, वेळापत्रक आणि न कंटाळता केलेली मेहनत होय.

आता आपल्या देशाकडे वळू. अपंग सैनिकांना कामधंदा शिकवण्याची कल्पना येथे नवी नव्हती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी संस्था निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीस आली. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने मुंबईस अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. हाजी अलीजवळची ती इमारत मुंबईकर वाचकांच्या परिचयाची असेल. दक्षिणेत याच सुमारास वेल्लोर येथे एक विलक्षण गोष्ट घडली. मेरी वर्गीस या तरुण डॉक्टर १९५४ साली मोटार-अपघातात जखमी होऊन कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी खुर्चीत बसूनच कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशी जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या शास्त्राचा विभाग उभा केला. १९६६ साली तेथे पुनर्वसनाची स्वतंत्र संस्था सुरू झाली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९६५ च्या युद्धाने या प्रश्नास आणखी तोंड फोडले. त्याच वर्षी २९ मे रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पाऊल ठेवणारे मेजर हरिपालसिंग अहलुवालिया काही महिन्यांतच काश्मीरच्या आघाडीवर गोळी लागून लुळे झाले. त्यांच्यावर स्टोक मँडेव्हिललाच उपचार झाले, आणि पुढे दिल्लीस त्यांच्या खटपटीतून मज्जारज्जूच्या आघातासाठी स्वतंत्र इस्पितळ उभे राहिले. त्याच युद्धात सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर जखमी झाले. सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून नावाजलेला हा जवान कमरेखाली लुळा पडला. पाण्यात शरीर हलके होते, म्हणून व्यायामासाठी तो पोहू लागला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. सरकारदरबारी त्याची दखल पद्मश्रीच्या रूपाने घेतली गेली ती मात्र २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. कागद किती सावकाश पुढे सरकतो हे आपणां कचेरीतल्या लोकांस निराळे सांगावयास नको.

खडकीस १९७४ साली लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र सुरू झाले. चाकांच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळणारे आणि हात गेलेले असता तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे जवान या केंद्राने पाहिले आहेत. स्टोक मँडेव्हिलपासून खडकीपर्यंतच्या या परंपरेत विजेस फारसे स्थान नव्हते, हे लक्षात घ्यावे. वीज जणू या घरातून निघून गेली होती. ती परतली ती निराळ्या वाटेने.

१९८० साली लंडनमध्ये मर्टन व मॉर्टन या शास्त्रज्ञांनी कवटी न उघडता, डोक्याच्या त्वचेवरून जोरदार वीज देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. परंतु कवटीचे हाड विजेस अडवते, आणि ते भेदण्याइतकी वीज डोक्याच्या कातडीस फार झोंबते. यावर तोड निघाली शेफील्ड येथे १९८५ साली. अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनी तारेचे एक वेटोळे डोक्यावर धरून त्यातून क्षणार्धापुरता प्रचंड विद्युत्प्रवाह सोडला. १८३१ साली फॅरडेने शोधलेला नियम असा, की बदलत्या चुंबकीय क्षेत्राजवळच्या वाहक पदार्थात वीज आपोआप उत्पन्न होते. हाड विजेस अडवते, चुंबकास अडवत नाही. त्यामुळे चुंबकाचा झोत कवटीतून सहज आत शिरला, मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म वीज उत्पन्न झाली आणि समोर बसलेल्या माणसाचा हात जवळजवळ वेदनेवाचून हलला. सिनसिनाटीच्या त्या दासीपासून येथवर येण्यास १११ वर्षे लागली.

यानंतर २००० साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे नित्शे व पाउलुस यांनी याहूनही साधी रीत पुन्हा पुढे आणली. ओल्या स्पंजाची दोन पाने डोक्यावर ठेवून एक-दोन मिलिअँपिअर इतकीच एकदिश वीज काही मिनिटे द्यावयाची. या विजेने स्नायू हलत नाही. मेंदूतील पेशी मात्र जराशा अधिक तत्पर किंवा जराशा अधिक मंद होतात. चुंबकाच्या रीतीतही असा भेद आढळला. सेकंदास एक या मंद गतीने दिलेले ठोके साधारणतः मेंदूचा तो भाग शांत करतात, आणि सेकंदास पाच वा अधिक या गतीने दिलेले ठोके त्यास जागवतात.

मेंदू शाबूत असता आणि तुटलेला रज्जू पाठीत असता, मेंदूस उद्दीपन देऊन काय साधणार, अशी शंका कोणासही येईल. म्हैसूरकरांस परिचित असा एक दृष्टांत घेऊ. १९०२ साली कावेरीवर शिवसमुद्र येथे तयार झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली. त्या मार्गावरील अनेक तारांपैकी पुष्कळशा तुटल्या, पण दोन-चार शाबूत राहिल्या, अशी कल्पना करा. खाणीत दिवा लागणार नाही, कारण पोचणारी वीज अपुरी. पाहणारा म्हणेल, मार्ग पुरता तुटला. मज्जारज्जूचे पुष्कळदा असेच होते. ज्यांचे पाय पूर्ण निर्जीव समजले गेले, अशा काही रोग्यांच्या मरणोत्तर तपासणीत आघाताच्या जागेतूनही काही तंतू अखंड गेलेले आढळले आहेत. हे उरलेले तंतू मूक असतात. त्यांच्याकरवी क्षीण आज्ञा का होईना, पण पलीकडे पोचवावी, हा मेंदूच्या उद्दीपनामागील विचार आहे. दृष्टांताची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. तांब्याची तार वापराने सुधारत नाही, मज्जातंतूंचे जोड मात्र वापराने बळकट होतात.

या उपायाचा पहिला उपयोग मोजणीचा आहे. मेंदूवर ठोका दिल्यापासून हाताचा स्नायू हलेपर्यंत निरोगी माणसात सुमारे वीस सहस्रांश सेकंद लागतात. हा काळ वाढला किंवा हालचालच उमटली नाही, तर रज्जूचा किती भाग बोलता आहे याचा अंदाज येतो. दुसरा उपयोग उपचाराचा. २००४ साली इंग्लंडमध्ये अपूर्ण आघात झालेल्या चार रोग्यांवर चुंबकीय ठोक्यांचा प्रयोग झाला आणि त्यांच्या हाताच्या कामात काही सुधारणा दिसली. चार रोगी म्हणजे फार थोडे, परंतु वाट दिसली. २०१२ साली अमेरिकेत बंडे व पेरेझ यांनी अधिक चतुर युक्ती योजली. मेंदूवर चुंबकाचा ठोका आणि मनगटाच्या नसेवर विजेचा ठोका असे जोडीने दिले, पण वेळ अशी साधली की मेंदूकडून उतरणारा संदेश मनगटाकडून चढणाऱ्या संदेशाच्या एक-दोन सहस्रांश सेकंद आधी रज्जूतील पेशीपाशी पोचावा. असे केल्याने तो जोड बळकट झाला आणि हाताची हालचाल काही काळ सुधारली. उलट क्रमाने तो लाभ दिसला नाही.

पुढे पेरेझ यांच्याच गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. असे जोडठोके व्यायामाच्या जोडीने अनेक बैठकांत दिले, तेव्हा सुधारणा नुसत्या व्यायामापेक्षा अधिक दिसली आणि काही महिने टिकली. उद्दीपनाने माती भुसभुशीत होते असे फार तर म्हणता येईल. त्या मातीत पेरावयाचे बी व्यायामाचेच असते. गुटमानच्या परिचारिका आणि शेफील्डचे वेटोळे यांचा संबंध असा आहे. दुसरे पहिल्याची जागा घेत नाही, पहिल्याच्या खांद्यावर उभे राहते.

या उपायांचा आणखी एक उपयोग शोधला जात आहे, तो वेदनेसाठी. बाहेरच्यांना कळत नाही, परंतु ज्या पायांस टाचणी टोचलेली समजत नाही, त्याच पायांत कित्येक रोग्यांना जळल्यासारखी, करवतल्यासारखी वेदना सतत होत असते. नेहमीच्या औषधांनी ती पुरती जात नाही. मेंदूच्या चालक भागास उद्दीपन दिल्याने काहींची वेदना काही काळ कमी झालेली आहे. स्नायू ताठरणे कमी व्हावे यासाठीही प्रयोग झाले आहेत. मात्र यांतील बहुतेक प्रयोग थोड्या रोग्यांवर आणि थोड्या काळापुरते झालेले असून त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत. नैराश्याच्या विकारावर चुंबकीय उद्दीपनास अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. मज्जारज्जूच्या आघातावर मात्र तो अद्याप रुळलेला उपचार झालेला नाही. डोक्यात धातूचा तुकडा असलेल्यांस वा हृदयात गतिनियामक यंत्र बसवलेल्यांस तो धोक्याचा ठरू शकतो, आणि क्वचित फेफऱ्याचा झटकाही येतो. म्हणून तो जाणत्या मज्जाविशारदाच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो.

आपल्या टापूत या विद्येचे मोठे ठाणे म्हणजे बंगळूरची निमहान्स संस्था. जुन्या म्हैसूर संस्थानाचे मनोरुग्णालय आणि १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून ती १९७४ साली आकारास आली. मेंदूच्या बाह्य उद्दीपनावर तेथे काम चालते, ते मुख्यत्वे मनोविकारांच्या संदर्भात. आणि मज्जासंस्थेच्या रोग्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभागही तेथे आहे. कडकोळसारख्या गावातील माणसाने अशा संस्थेपर्यंत जाणे अवघड असले तरी अशक्य नाही. यंत्राची जाहिरात करणाऱ्या कोणाही व्यक्तीस विचारावयाचे प्रश्न इतिहासाने आपणांस शिकवलेच आहेत. आघात पूर्ण आहे की अपूर्ण? याबरोबर व्यायाम कोणता, आणि तो रोज कोण करून घेणार? लाभ किती दिवस टिकतो? या प्रश्नांची उत्तरे टाळणारा माणूस अल्दिनीच्याच वंशातला समजावा. स्नायू हलवून दाखवणे त्यास साधते, माणूस उभा करणे साधत नाही.

एक गोष्ट आपणां सरकारी नोकरांच्या खास उपयोगाची आहे. नोकरीत असता अपंगत्व आले म्हणजे वैद्यकीय कारणावरून निवृत्ती पत्करावी लागते, अशी समजूत अजूनही कित्येक कचेऱ्यांत ऐकू येते. १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने ती खोटी ठरवली होती, आणि २००३ साली कुणालसिंग या शिपायाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमास निःसंदिग्ध बळ दिले. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात तीच तरतूद २० व्या कलमात आहे. सेवेत असता अपंगत्व आलेल्या नोकरास काढता येत नाही व त्याचा दर्जा उतरवता येत नाही. मूळ काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे काम द्यावे लागते, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्यास अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. काही आस्थापनांना सूट देण्याचा अधिकार सरकारने राखला आहे, परंतु नियम हा आहे. हे कलम लिहिणाऱ्या हातांनीही एका परीने स्टोक मँडेव्हिलचेच काम पुढे नेले, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या टेबलावरून अशी प्रकरणे जातात, त्यांनी ती एक दिवसही विनाकारण अडवून ठेवू नयेत. त्या कागदावर एका घराचा पगार अवलंबून असतो.

मज्जारज्जू आणि वीज यांची ही कथा अपुरी आहे आणि अजून काही काळ अपुरीच राहील. उद्या कदाचित एखादे यंत्र मूक तंतूंना अधिक स्पष्ट बोलते करील. तसे व्हावे अशीच कोणाचीही इच्छा असणार. परंतु आजवरच्या इतिहासात जेथे जेथे माणूस मरणाच्या दारातून परत आला, तेथे तेथे त्यास परत आणणारी साधने साधीच आढळतात : वेळेवर बदललेली कूस, स्वच्छ नळी, रोजचा व्यायाम, चाकांची खुर्ची, हाताला काम आणि महिन्याचा पगार. वीज या साऱ्यांच्या मदतीस येऊ शकते. ती यांच्याऐवजी येईल असे समजून जो यांना सोडतो, त्याच्या हाती यंत्राचे भाडे भरल्याची पावती तेवढी उरते. घरात असा प्रसंग आलेल्याने प्रथम दोन तासांचे घड्याळ लावावे, मग यंत्राची चौकशी करावी.